उसनी वेस आणि नांदती पेठ

जपानमधील कोबे शहरात मोतोमाची स्थानकावर उतरून बंदराच्या दिशेने चार-पाच मिनिटे चालत गेले, की देश बदलल्याचा भास होतो. समोर कोरीव चिनी वेस उभी राहते आणि ती ओलांडली की सुमारे दोनशे मीटर लांबीची एक गल्ली लागते. तिला छेदून दुसरी गल्ली जाते. दोन्ही जेथे मिळतात, तेथे एक छोटा चौक असून त्यात चिनी धाटणीचा मंडप आहे. डोक्यावर कंदिलांच्या माळा, दोन्ही बाजूंना खाद्यपदार्थांची दुकाने, त्यांच्यापुढे सारण भरून वाफवलेले पाव घेण्यासाठी लागलेल्या रांगा, आणि या साऱ्यातून शिस्तीने वाट काढणारी माणसे, असे त्या स्थळाचे रूप आहे. दुकानांची संख्या शंभराच्या आसपास. या पेठेचे नाव नान्किनमाची, म्हणजे नानकिंगची वस्ती.

नात्यातील एक मराठी कुटुंब नोकरीनिमित्त ओसाकाला राहते. त्यांच्याकडे गेलो असता प्रस्तुत लेखकाला ही पेठ पाहण्याचा योग आला. मीरा रोडच्या हाटकेश वसाहतीतून गेलेल्या माणसाला दोनशे मीटरच्या गल्लीचे अप्रूप वाटण्याचे वास्तविक काही कारण नाही. एवढ्या लांबीत आपल्याकडे याहून अधिक दुकाने, याहून अधिक गर्दी आणि याहून कितीतरी अधिक आवाज सहज मावतो. परंतु परत आल्यावर आपल्याच रस्त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली, हे मान्य केले पाहिजे. परकीयांचे रूप, परकीयांची वस्ती आणि त्या दोहोंशी यजमान समाजाचे नाते, या तीन गोष्टींचा आपण सहसा एकत्रित विचार करीत नाही. तो येथे करावयाचा आहे.

देखावा खरा, पण उपरा नव्हे

नान्किनमाचीत शिरताच मनात येणारा पहिला विचार हा, की हा सारा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे. हा विचार अगदीच निराधार म्हणता येणार नाही. दक्षिणेकडील वेस १९८२ साली उभी राहिली, पूर्वेकडील ‘चांगआन’ या प्राचीन चिनी राजधानीच्या नावाची वेस १९८५ साली, तर पश्चिमेकडील वेस २००५ साली. म्हणजे ज्या वास्तूंमुळे ही पेठ पुरातन वाटते, त्या कालपरवाच्या आहेत. दुकानांत येणारे गिऱ्हाईक बहुतांशी जपानी, विक्रेत्यांची बोली जपानी आणि कित्येक दुकानांचे मालकही जपानी आहेत.

तथापि वेशी नव्या असल्या तरी वस्ती जुनी आहे. कोबेचे बंदर परदेशी व्यापारासाठी खुले झाले ते १८६८ सालच्या प्रारंभी. इंग्रज, अमेरिकन, फ्रेंच, डच इत्यादी करारबद्ध राष्ट्रांच्या नागरिकांना बंदरालगत स्वतंत्र वसाहत आखून मिळाली. चीनचा जपानशी त्या वेळी करार झालेला नव्हता. त्यामुळे चिनी लोकांना त्या आखीव वसाहतीत राहण्याची मुभा नव्हती आणि ते तिच्या पश्चिमेच्या सीमेला लागून वसले. नान्किनमाचीचा जन्म असा झाला. कोणी हौसेने चिनी गल्ली मांडली नाही. ज्यांना मुख्य अंगणात जागा नव्हती, त्यांनी कुंपणाबाहेर आपले बिऱ्हाड थाटले. पुढे त्यांनी दुकाने काढली आणि १८९९ च्या सुमारास मुलांसाठी शाळाही स्थापन केली. ती शाळा आजही चालू आहे. कोणत्याही स्थलांतरित समाजाचे मूळ धरले की नाही हे पाहावयाचे असेल, तर त्याची दुकाने न मोजता त्याची शाळा शोधावी, असे शिक्षकी पेशातील वाचकांना तरी सांगावयास नको.

जपानी समाज या पाहुण्यांशी नेहमी उदारपणे वागला, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १८९४ मध्ये दोन्ही देशांत युद्ध पेटले. १९३७ मध्ये जपानने चीनवर पुन्हा आक्रमण केले, तेव्हा कोबेतील असंख्य चिनी मायदेशी परतले आणि जे उरले ते पोलिसांच्या नजरेखाली जगले. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत ही पेठ जळून खाक झाली. महायुद्धानंतर तेथे परदेशी खलाशांसाठी दारूचे गुत्ते निघाले आणि भल्या माणसांनी त्या गल्लीकडे पाठ फिरवली. आजचा कंदिलांचा झगमगाट ज्याने पाहिला, त्याला या गोष्टी सांगूनही खऱ्या वाटणार नाहीत.

पेठ सांभाळणारी माणसे

मग ही पेठ पुन्हा उभी राहिली कशी? या प्रश्नाचे उत्तर वेशीत सापडत नाही, ते एका कायद्यात आणि एका मंडळात सापडते. जपानने १९६२ साली बाजारपेठांच्या सहकारी मंडळांसंबंधी कायदा केला. एका रस्त्यावरील दुकानदारांनी एकत्र यावे, वर्गणी काढावी आणि दिवाबत्ती, फरसबंदी, छत, झाडलोट, सण-समारंभ ही कामे सामाईकपणे करावीत, आणि शासनाने व नगरपालिकेने अशा मंडळाला मान्यता व साहाय्य द्यावे, असे त्या कायद्याचे स्वरूप आहे. आपल्याकडील सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखीच ही कल्पना आहे. फक्त इमारतीच्या जागी रस्ता आहे.

नान्किनमाचीच्या दुकानदारांनी १९७७ साली असे मंडळ स्थापन केले. त्यात चिनी होते तसे जपानीही होते. नगरपालिकेच्या साहाय्याने १९८० च्या दशकात रस्ते, चौक आणि वेशी यांचे काम झाले. १९८७ साली चिनी नववर्षाचा वसंतोत्सव प्रथम साजरा झाला. सिंहनृत्य, नागनृत्य, आरास अशा थाटाचा हा उत्सव पाहता पाहता शहराचा उत्सव झाला. यातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी वस्ती, नंतर शाळा, नंतर मंडळ आणि सर्वांत शेवटी वेस. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा असतो.

या पेठेची खरी परीक्षा झाली ती १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे. त्या दिवशीच्या भूकंपाने कोबे व परिसरात सहा हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षीचे चिनी नववर्ष ३१ जानेवारीला, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांनी होते. उत्सव रद्द झाला. परंतु त्या दिवशी नान्किनमाचीच्या दुकानदारांनी चुली पेटवल्या आणि थंडीत गारठलेल्या शहरवासीयांना गरम अन्न वाढले. परकीय म्हणून जे वसले, त्यांनी शहराच्या संकटात यजमानपद पत्करले. एखाद्या वस्तीचे नागरिकत्व कागदावर केव्हा नोंदले जाते, हा सरकारी दप्तराचा प्रश्न झाला. प्रत्यक्षात ते अशाच एखाद्या दिवशी सिद्ध होते.

कोबेशी आपलाही संबंध जुना आहे. निप्पॉन युसेन कैशा या जपानी आगबोट कंपनीने कोबे-मुंबई असा मार्ग नोव्हेंबर १८९३ मध्ये सुरू केला, तो जमशेटजी टाटांच्या सहकार्याने. भारतीय कापूस जपानी गिरण्यांत नेणे हा त्याचा हेतू होता आणि ब्रिटिश कंपनीची मक्तेदारी मोडणे हेही त्यात होते. १९२३ च्या भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील भारतीय व्यापारी मोठ्या संख्येने कोबेत आले. या शहरात १९३५ साली मशीद उभी राहिली, तीत भारतीय व्यापाऱ्यांचाही वाटा होता. १९८५ साली जैन मंदिर बांधले गेले. मीरा-भाईंदरमधील कोणाही जैन गृहस्थाला तेथे देवदर्शन घडू शकते, आणि तेही नान्किनमाचीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. याच देशात, तोक्योच्या एदोगावा विभागात, २०१९ साली पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक स्थानिक सभेवर निवडून आले. दुसऱ्याच्या देशात आपल्या माणसाला असे स्थान मिळाले, की आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो वाटणे योग्यच आहे. परंतु त्या अभिमानाबरोबर एक कर्तव्यही येते, ते म्हणजे आपल्या दारी आलेल्या माणसाकडे त्याच मापाने पाहण्याचे.

मोसे खोऱ्यातील इटली

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. परदेशी धाटणीची पेठ आपल्याकडेही आहे, आणि ती नान्किनमाचीहून कितीतरी अधिक खर्चाने उभारलेली आहे. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातील मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, दासवे येथे लवासाची इमारतींची रांग आहे. इटलीतील पोर्तोफिनो या समुद्रकाठच्या गावाचा नमुना पुढे ठेवून ती रचली आहे. पिवळ्या, नारिंगी, तांबूस भिंती, पाण्याकाठचा फिरण्याचा रस्ता, खाली दुकाने आणि वर घरे अशी तिची रचना आहे. छायाचित्रात ती मोहक दिसते, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

या खोऱ्याला स्वतःचा इतिहास नव्हता असे नाही. शिवकाळातील वीर बाजी पासलकर हे याच मोसे खोऱ्याचे देशमुख, आणि वरसगावच्या जलाशयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. राज्य शासनाने १९९६ साली गिरिस्थानांसंबंधी नियम केले आणि २००१ साली येथील १८ गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून अधिसूचित केला. २००८ मध्ये तर ज्या कंपनीला नगर बांधावयाचे, तिलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार मिळाले. बांधणारा तोच आणि परवानगी देणाराही तोच, अशी ही व्यवस्था होती. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस बजावून काम थांबविले आणि वर्षभराने अटी घालून पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. एका गुंतवणूकदाराची योजना न्यायाधिकरणाने मंजूर करेपर्यंत जुलै २०२३ उजाडला.

पर्यावरणाचा आणि जमिनीचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु येथे एक वेगळा मुद्दा मांडावयाचा आहे. लवासाच्या पाण्याकाठी इटली आहे, पण इटालियन माणूस नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या खोऱ्यातील मूळ गावकऱ्याच्या जीवनाचाही त्या रूपाशी काही संबंध नाही. पोर्तोफिनोतील घरांना रंग का दिले गेले, ती पाण्याला खेटून का उभी राहिली, याला तेथील कोळ्यांचा आणि खलाशांचा इतिहास आहे. आपण त्या इतिहासाचा केवळ रंग उचलला. भिंती उसन्या आणता येतात, परंतु त्या भिंतींना दर पावसाळ्यानंतर रंग देण्याची आस्था ज्यांच्या मनात असते, ती माणसे उसनी आणता येत नाहीत.

नक्कल करण्यात जपान मागे आहे असेही कोणी समजू नये. क्यूशू बेटावर त्यांनी ‘हाउस टेन बोस’ नावाचे आख्खे डच नगर १९९२ साली उभारले. कालवे, पवनचक्क्या, विटांचे मनोरे असे सारे काही त्यात होते. २००३ मध्ये त्याचेही दिवाळे वाजले. पुढे नव्या व्यवस्थापनाखाली ते सावरले, पण करमणुकीचे उद्यान म्हणून. नगर म्हणून ते कधी नांदले नाही. तेव्हा प्रश्न भारतीय किंवा जपानी असण्याचा नाही. ज्या रूपामागे वस्ती नाही, त्याला तिकीट लावून जगवावे लागते, हा सार्वत्रिक नियम दिसतो.

माझगावचे देऊळ

यावर कोणी म्हणेल, की कोबेला चिनी वस्ती लाभली, आपल्याला ती लाभली नाही, त्यात आपला काय दोष? हा युक्तिवाद टिकणारा नाही. मुंबईत चिनी वस्ती होती. माझगावात गोदीच्या आसऱ्याने आणि कामाठीपुऱ्याजवळ शुक्लाजी स्ट्रीटच्या परिसरात चिनी कुटुंबे राहत होती. जहाजावरील सुतारकाम, चर्मकाम, दंतवैद्यक, खानावळी हे त्यांचे व्यवसाय. माझगावच्या नवाब टँक मार्गावर त्यांनी १९१९ साली बांधलेले देऊळ अद्याप उभे आहे. एका साध्या दुमजली घरात ते आहे. शेजारून जाणाऱ्या हजारो मुंबईकरांना त्याचा पत्ताही नसतो. चिनी नववर्षाला तेथे थोडीफार माणसे जमतात, लाल कागद लागतात, उदबत्त्या पेटतात आणि दुसऱ्या दिवशी ती गल्ली पुन्हा इतर गल्ल्यांसारखी होते.

ही वस्ती का विरली? १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार रहिवाशांना खटला न चालवता राजस्थानातील देवली येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत आसाम व दार्जिलिंगकडील लोक अधिक होते आणि अनेकांचा जन्म भारतातच झालेला होता. मुंबईतील चिनी कुटुंबांवरही संशयाची छाया पडली आणि त्यांतील अनेकांनी देश सोडला. त्या पराभवाची जखम खोल होती, हे समजू शकते. परंतु सीमेवरील सैन्याचा राग गल्लीतील सुतारावर काढल्याने देशाचे संरक्षण झाले असे इतिहासात कोठे दिसत नाही. जपाननेही युद्धकाळात हेच केले होते. फरक एवढाच, की शांतता प्रस्थापित झाल्यावर कोबे शहराने त्या लोकांना पुन्हा रस्ता बांधण्यास मदत केली, आणि आपण आपल्या चिनी शेजाऱ्यांना विसरून गेलो.

विसरून गेलो, पण त्यांचे खाणे मात्र ठेवून घेतले. हाटकेशच्या कोणत्याही नाक्यावर संध्याकाळी उभे राहावे. लाल रंगाची हातगाडी, तिच्यावर आग ओकणारा नाग, मोठ्या ज्वाळेवर परतले जाणारे नूडल्स आणि ‘चायनीज’ ही अक्षरे हमखास दिसतात. शिजवणारा नेपाळचा, बंगालचा किंवा आपल्या मराठवाड्यातला असतो, खाणारा गुजराती, मराठी, उत्तर भारतीय कोणीही असतो, आणि कढईतील ‘मांचुरियन’ मांचुरियात कोणी ओळखणार नाही. हा पदार्थ उपहासाचा विषय नाही. गरजू माणसाने त्यावर संसार उभा केला आहे आणि कारकुनाच्या खिशाला ते खाणे परवडते. परंतु चिनी नाग आहे आणि चिनी शेजारी नाही, या स्थितीमागे एक अप्रिय इतिहास आहे, याचे भान सुशिक्षित माणसाला असावयास हवे.

हाटकेशपुढील प्रश्न

आता स्वतःच्या अंगणाकडे येऊ. मीरा-भाईंदर ही मुळात आगरी, कोळी आणि ख्रिस्ती वस्त्यांची, मिठागरांची व खाजणांची भूमी. पोर्तुगीजांचा अंमल येथे दोन शतके होता. घोडबंदरचा किल्ला आणि भाईंदर-उत्तन पट्ट्यातील चर्च त्याची साक्ष देतात. १७३९ च्या वसईच्या मोहिमेने तो अंमल संपला. परंतु पोर्तुगीज गेले तरी त्यांचा धर्म स्वीकारलेली माणसे येथेच राहिली. त्यांनी शेती केली, मासेमारी केली, मराठीची आपली बोली जपली. परकीय रूप आपलेसे होण्याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास जपानला जाण्याची गरज नव्हती. ते उत्तनच्या रस्त्यावर होते.

त्यानंतर रेल्वेने आणि स्वस्त घरांच्या ओढीने माणसांचे लोंढे आले. १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसे वाढली. येथे आलेले कोणी गिरगाव-परळ सोडून आले, कोणी सौराष्ट्रातून, कोणी उत्तर प्रदेशातून, कोणी केरळातून. या नव्या इमारतींना नावे मात्र इंग्लंड-अमेरिकेतील उपनगरे, इटलीतील सरोवरे आणि स्पेनमधील राजवाडे यांची मिळू लागली आहेत. मिठागराच्या नावाची इमारत कोणी दाखवून द्यावी! म्हणजे ज्या भूमीत खरोखरी अनेक देशीच्या माणसांची वस्ती आहे, तिने आपल्या दारावर अशा देशांची नावे लावली, की जेथील एकही माणूस येथे राहत नाही.

नावांचा हा मोह हास्यास्पद असला तरी निरुपद्रवी आहे. खरा धोका निराळा आहे. जुलै २०२५ मध्ये मराठी बोलण्याच्या प्रश्नावरून मीरा रोडमध्ये एका दुकानदाराला मारहाण झाली. निषेधार्थ व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली आणि त्याला उत्तर म्हणून मराठी संघटनांचा मोर्चा निघाला. साऱ्या देशाने मीरा रोडचे नाव त्या आठवड्यात ऐकले. मराठीचा आग्रह या लेखकालाही मान्य आहे. राज्याची भाषा मराठी आहे. दुकानांच्या पाट्या देवनागरी लिपीतील मराठीत असाव्यात, असा कायदा २०२२ च्या दुरुस्तीने सर्व दुकानांना लागू झाला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्याचे पालन करण्यास मुदत दिली. येथे वर्षानुवर्षे धंदा करूनही दोन मराठी वाक्ये बोलण्याची तसदी न घेणे हा शेजारधर्माचा भंग आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु तेवढ्याच स्पष्टपणे हेही म्हटले पाहिजे, की थप्पड खाऊन शिकलेली भाषा माणूस दुकानाबाहेर पडताच विसरतो. भीतीने बोललेल्या वाक्यात भाषेविषयी आदर उरत नाही, उरतो तो राग.

नान्किनमाचीचा धडा येथे उपयोगी पडतो. तेथे वेस चिनी आहे आणि व्यवहार जपानी भाषेत चालतो. पाहुण्याने यजमानाची बोली उचलली, यजमानाने पाहुण्याला आपली वेस बांधू दिली, आणि रस्ता झाडण्याची वर्गणी दोघांनी मिळून दिली. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून पेठ नांदली. यांतील एकच गोष्ट मागणे आणि उरलेल्या दोन विसरणे, हा आपल्याकडील दोन्ही बाजूंचा दोष आहे. एक बाजू म्हणते, बोली उचला. पण तुमची वेस आम्हाला नको. दुसरी बाजू म्हणते, आमची वेस असू द्या. पण बोलीचे आणि वर्गणीचे विचारू नका.

करता येण्याजोगे

यावर काय करता येईल? फार मोठ्या योजनांची गरज नाही. पहिले म्हणजे, हाटकेशसारख्या प्रत्येक वसाहतीत एका रस्त्यावरील सर्व दुकानदारांचे मंडळ व्हावे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्याखालील नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावेत अशी तरतूद आहे. दुकानदार आणि फेरीवाले एकमेकांना शत्रू मानतात, तोपर्यंत पदपथ दोघांचाही होणार नाही आणि चालणाऱ्याचा तर मुळीच होणार नाही. कोबेच्या धर्तीवर वर्गणी, झाडलोट आणि दिवाबत्ती यांची सामाईक जबाबदारी या मंडळांनी उचलावी व महानगरपालिकेने तेवढ्याच रकमेची भर घालावी.

दुसरे, महानगरपालिकेच्या शाळांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात. तेथे दुकानदारांसाठी आणि त्यांच्या नोकरांसाठी तीन महिन्यांचे मराठी वर्ग काढावेत. हिशोब, माप, भाव, विचारपूस एवढे व्यवहारापुरते मराठी तीन महिन्यांत सहज येते. सेवानिवृत्त शिक्षक या कामाला आनंदाने पुढे येतील. प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर हेच केले असल्यामुळे त्याची स्वतःची तयारी आहे. ज्यांना मोर्चात दोन तास चालणे शक्य झाले, त्यांना आठवड्यातून दोन तास शिकवणेही शक्य व्हावे.

तिसरे, वर्षातून एक दिवस त्या रस्त्यावर वाहने बंद ठेवून पेठेचा उत्सव व्हावा. उत्तनच्या कोळणीने आपले सुकट आणावे, आगऱ्याने तांदळाची भाकरी आणावी, केरळच्या माणसाने अप्पम, सौराष्ट्राच्या माणसाने ढोकळा, पूर्वांचलच्या माणसाने लिट्टी आणावी. त्या दिवशी माझगावच्या एखाद्या चिनी कुटुंबाला पाहुणे म्हणून बोलावले, तर नाक्यावरील हातगाडीवरचा नागही जरा सुखावेल.

यातील कोणतीही गोष्ट केल्याने हाटकेशचे नान्किनमाची होणार नाही, आणि व्हावयासही नको. ‘हाटक’ म्हणजे सोने; हाटकेश्वर हे शंकराचे नाव. पण येथील रहिवाशाच्या कानाला त्या शब्दात ‘हाट’, म्हणजे बाजार, ऐकू येतो, आणि ते अर्थाने चुकीचे असले तरी वस्तुस्थितीला धरून आहे. हा हाट अनेक देशीच्या माणसांनी आधीच भरवलेला आहे. त्याला इटलीच्या भिंतींची गरज नाही आणि धाकदपटशाचीही नाही. त्याला गरज आहे ती एका मंडळाची, एका संध्याकाळच्या वर्गाची आणि सर्वांनी मिळून झाडलेल्या रस्त्याची. वेस त्यानंतर कधीही बांधता येईल.